टिअरड्रॉप ट्रेलर घरी कसा बांधावा: कोल्हापुरातील नवख्यांसाठी

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे ओढून नेता येणारी, दोन माणसांना झोपता येईल एवढीच खोली, आणि तिच्या पाठीमागचे झाकण वर उचलले की उघडणारा लहानसा ओटा. बाजूने पाहिले असता तिचा आकार पुढे फुगीर आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या थेंबासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. आत उभे राहता येत नाही, बसले की डोके छताला टेकायच्या बेतात असते, आणि नवख्या माणसाला ही उणीव वाटली तरी सगळी सोय तिच्यातच आहे. कारण चार फूट उंचीची पेटी मोटारीच्या आडोशाने चालते, वाऱ्याला फारशी अडत नाही आणि लहान मोटारीला झेपण्यासारखी राहते. १९३० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हौशी कारागिरांच्या मासिकांतून त्याचे आराखडे छापून येऊ लागले. आठ फूट बाय चार फूट हा प्लायवूडचा ठरलेला तक्ता कमीत कमी वाया जावा या हिशेबाने ते आखलेले असत, आणि तोच तक्ता आपल्याकडेही मिळत असल्यामुळे ते माप इथेही चालते.

कोल्हापुरात हे काम हाती घेणाऱ्याची बरीचशी पायपीट गावानेच वाचवली आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करणारी वर्कशॉप एकमेकांना लागून आहेत, नटबोल्ट आणि बिजागऱ्या लक्ष्मीपुरीत मिळतात, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळख असेल तर पत्रा मापात वाकवूनही मिळतो. अडचण असलीच तर ती उलट बाजूची आहे. इथल्या कारागिराची नजर उसाच्या ट्रॉलीला सरावलेली असते, त्यामुळे आपण तीन एमएमचा पाइप मागितला की तो पाच एमएमचा सुचवतो आणि "दणकट होऊ दे की" असे म्हणून मोकळा होतो. त्याचा हेतू चांगला असतो; परंतु टिअरड्रॉप बिघडतो तो जास्तीच्या वजनाने किंवा आत शिरलेल्या पाण्याने, आणि पुढचा सगळा मजकूर या दोहोंना दूर ठेवण्याविषयीच आहे.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरावा. पावसाळ्यात प्लाय ओल धरतो, इपॉक्सीवर (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेवर) चिकट थर येतो आणि रंग नीट वाळत नाही. दिवाळीपासून मेपर्यंत साधारण पंचवीस रविवार हाताशी असतात; नोकरी सांभाळून काम करणाऱ्याला तेवढे पुरतात, मात्र वळवाची पहिली सर येण्यापूर्वी छपरावर पत्रा चढलेला असला पाहिजे.

कागदपत्रांचे काम आधी

लाकूड विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन बोलावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील "मोटार वाहन" या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे वाहनाच्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते आणि अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. परंतु घरी एकच नग बांधणाऱ्या माणसाला ही वाट खर्चाने आणि वेळेने सहसा परवडत नाही. म्हणून ज्या उत्पादकाकडे मान्यता आहे त्याच्याकडून नोंदणी होऊ शकेल असा लहान ट्रेलरचा सांगाडा विकत घ्यावा आणि त्यावर आपली पेटी चढवावी, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. पेटी चढवल्यानंतर नोंदणीत बदल करून घ्यावा लागेल का, हेही त्याच भेटीत विचारून ठेवावे आणि मिळालेले उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. अधिनियमाच्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक असे दोन्ही ट्रेलरवर दिसावे लागतात, तेव्हा मागच्या झाकणावर नंबरप्लेटची आणि तिच्यावरच्या दिव्याची जागा आराखड्यातच धरावी. विमा कंपनीलाही ट्रेलरची कल्पना आधी द्यावी. गावात विनानोंदणी ट्रॉल्या फिरताना दिसतात हा काही आधार नव्हे. अपघात झाल्यावर पहिला प्रश्न कागदांचाच निघतो.

ज्यांना सांगाडाही स्वतःच बनवायचा आहे, त्यांच्यासाठी आणि विकत घेताना काय पाहावे हे कळण्यासाठी त्याची माहिती पुढे दिली आहे.

वजनाचा हिशेब

मोटारीबरोबर मिळालेले पुस्तक काढून ती किती वजन ओढू शकते हे पाहावे. आपल्याकडील अनेक लहान मोटारींच्या पुस्तकांत हा आकडा दिलेलाच नसतो, आणि काहींत ओढण्याची स्पष्ट मनाई असते. मनाई असेल तर तो विषय तिथेच संपतो. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ७५० किलो किंवा मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा मानतात. घाटातून जाणाऱ्याने मर्यादेच्या बरेच आत राहावे, आणि माझ्या मते भरलेला ट्रेलर ४०० किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये.

हा आकडा गाठणे अवघड नाही, परंतु प्रत्येक वस्तू कागदावर तोलूनच पुढे जावे लागते. १२ एमएम प्लायचा आठ बाय चारचा तक्ता साधारण २३ किलो, ६ एमएमचा १२ किलो आणि १८ एमएमचा ३५ किलो भरतो. एक एमएम जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच मापात ८ किलो भरतो. सांगाड्याला सुमारे १४ मीटर पाइप लागतो. ५० बाय ५० चा, तीन एमएम जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साडेचार किलोच्या आत बसतो, तर तीन इंची सी-चॅनल मीटरला सात किलोंच्या आसपास जातो, म्हणजे फक्त चॅनल निवडल्यामुळे ३५ किलो वाढतात आणि त्या बदल्यात पदरात काही पडत नाही. मी पहिला सांगाडा चॅनलचा करून घेतला होता आणि पुढे ते वजन भरून काढण्यासाठी आतली कपाटे काढून टाकावी लागली. चाके, ॲक्सल (दोन्ही चाके धरणारा आडवा दांडा) आणि पाटे (धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) धरून सांगाडा १२० किलोंच्या आसपास राहिला, लाकूडकाम आणि पत्रा मिळून १५० किलोंत बसले, तर गादी, बॅटरी, भांडी, पाणी आणि अंथरूण यांना पुरेशी जागा उरते.

एकूण वजनाइतकेच ते कुठे बसते हे महत्त्वाचे आहे, आणि ही गोष्ट बैलगाडी पाहिलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते आणि बैल वाकतात. ट्रेलरचेही तसेच आहे. उलाळ ट्रेलर मोटारीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी करतो आणि वेग वाढला की शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. एका विशिष्ट वेगानंतर हे झोके आपोआप वाढत जातात आणि मोटारीलाच फिरवतात. म्हणून जोडाच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या हुकावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा असे धरतात. मोटारीच्या पुस्तकात हुकावरील भाराची मर्यादा दिली असेल तर तीही ओलांडू नये.

हिशेब सोपा आहे. ट्रेलरचे वजन ३५० किलो, जोडापासून ॲक्सलचे अंतर २६० सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर ३५० गुणिले ३० भागिले २६०, म्हणजे सुमारे ४० किलो भार हुकावर येतो आणि तो योग्य आहे. आता मागच्या ओट्यात, ॲक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे, शेगडी, पाण्याचे कॅन, तांदूळ आणि कांदेबटाटे मिळून ६० किलो भरले, तर त्याच रीतीने हुकावरचा भार १४ किलोंनी उतरून २६ वर येतो, आणि एकूण वजन ४१० किलो झाल्यामुळे तो सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. रिकामा असताना शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर सामान भरल्यावर डोलू लागतो, तो यामुळे. जड वस्तू ॲक्सलच्या पुढे, खाली आणि मधोमध ठेवाव्यात. बॅटरीची जागा पुढच्या भिंतीपाशी करावी आणि पाण्याचे कॅन प्रवासात पलंगाच्या पुढच्या टोकाशी आणून बांधावेत.

सांगाडा आणि चाके

चार फूट बाय आठ फुटांचा आयत, त्यात तीन आडवे पाइप, आणि पुढे इंग्रजी ए या अक्षरासारखा निमुळता होणारा जोडदांडा, एवढाच सांगाडा असतो. पेटीच्या पुढच्या भिंतीपासून जोडाच्या टोकापर्यंत एक मीटरच्या आसपास अंतर ठेवावे. ते कमी झाले तर तीव्र वळणावर मोटारीचा मागचा कोपरा पेटीला लागतो. ए चे दोन्ही पाय पहिल्या आडव्या पाइपशी न थांबवता दुसऱ्या पाइपपर्यंत आत न्यावेत, कारण सगळा ताण त्याच सांध्यावर येतो. जोडणी करताना आधी फक्त टाके मारून घ्यावेत, मग दोन्ही कर्ण मोजावेत, आणि दोहोंत एका सुतापेक्षा अधिक फरक निघाला तर टाके तोडून पुन्हा जुळवावेत. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर तिरपा सांगाडा सरळ होत नाही आणि पुढे दरवाजा बसवताना त्याची आठवण रोज येते. पाइपांची उघडी तोंडे बंद करावीत, परंतु सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवावीत, नाहीतर पाइप आतून गंजतो. त्यानंतर रेड ऑक्साइड आणि त्यावर इनॅमलचे दोन हात द्यावेत.

ॲक्सलसाठी नवा तयार दांडा हबसकट, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागासकट, घ्यावा हे उत्तम. जुनाच घ्यायचा असेल तर पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीच्या मागचा, उदाहरणार्थ मारुती ८०० चा, पाहावा. त्यात डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची पेटी) नसल्यामुळे तो हलका असतो आणि १२ इंची चाकांचे टायर व बेअरिंग सहज मिळतात. बेअरिंग मात्र नवीच घालावीत. लेथवर घरगुती स्टब, म्हणजे चाक धरणारे ॲक्सलचे टोक, करून तो वेल्डिंगने चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण तिथला सांधा वरून धड दिसत असताना आत तडकू शकतो.

पाटे निवडताना बहुतेकांचे चुकते. एक टन माल वाहणाऱ्या गाडीचे पाटे साडेतीनशे किलोंच्या ट्रेलरला लावले तर ते हलतच नाहीत, ट्रेलर प्रत्येक खड्ड्यावर उड्या मारतो आणि शंभर किलोमीटरमध्ये आतले स्क्रू सैल होतात. भरलेल्या ट्रेलरचा कोपरा दोन माणसांनी जोर लावून दाबला असता तो स्पष्टपणे खाली जाऊन वर आला पाहिजे. येत नसेल तर पाट्यांतील एक-दोन पट्ट्या काढाव्या लागतात. पाट्यांचे कंस सांगाड्याला वेल्ड न करता बोल्टने बसवावेत आणि मागेपुढे दोन-तीन जादा भोके ठेवावीत, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर समतोल चुकल्याचे लक्षात आले तर ॲक्सल पाच-दहा सेंटिमीटर सरकवता येतो. सगळ्या बांधकामात एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी खबरदारी दुसरी नाही.

जोडासाठी मोटारीच्या बाजूला ५० एमएमचा गोळा आणि ट्रेलरच्या बाजूला त्यावर बसणारा त्याच मापाचा कपलर घ्यावा. अमेरिकन मापाचा दोन इंची गोळा ५०.८ एमएम असतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु त्यांची सरमिसळ करू नये. जोडाखाली दोन सुरक्षासाखळ्या फुलीच्या आकारात बांधाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

बाजूच्या भिंती

आता लाकूडकाम. फरशीवर खडूने आठ फूट बाय चार फुटांचा आयत आखावा आणि त्यात थेंबाची वक्ररेषा काढावी. कंपासने काढलेल्या वर्तुळांच्या तुकड्यांपेक्षा, सहा-सात खिळ्यांच्या आधाराने वाकवलेल्या लवचीक लाकडी पट्टीची रेषा डोळ्यांना अधिक भावते आणि प्लायही तशाच वळणाने राजीखुशीने वाकतो. रेषा ठरली की जमिनीवर त्या जागी गादी टाकून दोघांनी झोपून पाहावे, उठून बसावे, कूस बदलावी. पलंगाला सव्वासहा फूट लांबी आणि ओट्याला त्यामागे पावणेदोन फूट, ही वाटणी सर्वसाधारण उंचीच्या माणसांना पुरते. चार फूट रुंदी दोघांना अडचणीची वाटते, हे खरे आहे. पाच फूट केली तर फरशीचे आणि छपराचे तक्ते जोडावे लागतात आणि वजन वाढते. हा निर्णय ज्याचा त्याने आणि जिचा तिने घ्यावा.

भिंतींसाठी १२ एमएमचा प्लाय आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे बाजारात ज्याला मरीन प्लाय म्हणतात तो, घ्यावा. त्यावर शिक्का आहे एवढ्यावर न थांबता तुकडा कापून दोन तास उकळत्या पाण्यात ठेवावा आणि थर सुटतात का ते पाहावे. दोन्ही तक्ते एकमेकांवर शिकंज्याने आवळून एकदमच कापावेत, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब निघतात. दरवाज्याची भोके कापताना कोपरे गोल ठेवावेत, कारण काटकोनी कोपऱ्यातून प्लाय तडकतो, आणि कापून निघालेला तुकडा जपून ठेवावा. तोच पुढे दरवाजा होतो. दरवाजे दोन्ही बाजूंना असावेत. एकच ठेवला तर रात्री एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागते, आणि अडचणीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट असणे अधिक चांगले.

फरशीचा १२ एमएम तक्ता खालच्या बाजूने डांबरी रंगाचे दोन-तीन हात देऊन मगच सांगाड्यावर ठेवावा, मध्ये रबराची पट्टी घालावी आणि बोल्टने आवळावा. भिंती फरशीच्या कडेला बाहेरून लावाव्यात आणि त्यांची खालची कड फरशीच्या अर्धा इंच खाली उतरू द्यावी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी पागोळीसारखे तिथून गळून पडते आणि सांध्यात शिरत नाही.

छप्पर, पत्रा आणि पाणी

दोन भिंतींच्या मध्ये दर फुटावर दोन इंच बाय एक इंचाची पाइनची पट्टी आडवी बसवावी. आतल्या बाजूने चार एमएमचा प्लाय, पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत एक इंची थर्माकोल, आणि बाहेरून पुन्हा चार एमएमचा प्लाय, अशी छपराची घडण ठेवावी. एप्रिलच्या उन्हात थर्माकोलशिवायचे पत्र्याचे छप्पर दुपारी तीन वाजता भट्टी होते. चार एमएमचा प्लाय दोन फूट त्रिज्येपर्यंत सहज वाकतो. त्याहून आवळ वळण असेल तर वाकण्यासाठीच बनवलेला फ्लेक्सी प्लाय घ्यावा. प्लाय वाकवण्याआधी त्यावर ओले फडके तासभर ठेवावे आणि पट्ट्याने हळूहळू ओढत न्यावा.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जुना ट्रेलर मोडायला निघतो तो बहुधा कुजून, झिजून नव्हे. अमेरिकेतील कोरड्या भागात उपयोगी पडलेले आराखडे गगनबावड्याच्या पावसात टिकत नाहीत; तिथे पाऊस वरून पडतो तसा वाऱ्याबरोबर आडवाही येतो, आणि ट्रेलर रस्त्यावर असताना चाकांनी उडवलेले पाणी खालूनही येते. प्लायचा पृष्ठभाग पाणी सोसतो, कापलेली कड सोसत नाही. प्रत्येक कडेला पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन-तीन हात, ती पिणे थांबवीपर्यंत, द्यावेत. प्रत्येक स्क्रूचे भोक हेही एक कडच असते, तेव्हा बाहेरच्या अंगाचे भोक आधी मोठे पाडावे, इपॉक्सीने भरावे आणि वाळल्यावर त्याच्या मध्यात स्क्रूच्या मापाचे भोक पुन्हा पाडावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि साधारण दोनशे भोकांसाठी ते दोन रविवार खाते.

ॲल्युमिनियमचा पत्रा बाजूंना आधी आणि छपराला नंतर लावावा, म्हणजे छपराचा पत्रा बाजूच्या पत्र्यावर कौलासारखा चढतो. सांध्यावर ॲल्युमिनियमची कोनपट्टी, तिच्याखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि वरून स्टेनलेसचे स्क्रू, असा क्रम ठेवावा. साधे लोखंडी स्क्रू पावसापाण्यात लवकर गंजतात, आणि कोकणात उतरून समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी लवकर. फटी भरण्यासाठी न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन नको; त्यावर पुढे रंग बसत नाही आणि दुरुस्ती करताना दुसरे काही चिकटत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सीलंट वापरावा.

सगळ्यांत अवघड सांधा म्हणजे मागच्या झाकणाची बिजागरी. ती छपराच्या वळणावर आडवी पसरलेली असते आणि छपरावरचे सगळे पाणी तिच्यावरूनच वाहत जाते. माझ्या पहिल्या ट्रेलरला मी कपाटाला लावतात तशी लांब पितळी बिजागरी लावून वरून सीलंट भरला होता. गगनबावड्याच्या अलीकडे एका रात्री पावसाने तो सांधा शोधून काढला आणि पहाटेपर्यंत पोह्यांचा डबा तरंगत होता. उघडझाप होणाऱ्या सांध्यात सीलंट टिकत नाही, हे त्या पोह्यांनी शिकवले. छपराची पट्टी झाकणाच्या पट्टीत अडकून फिरेल अशी, मध्ये उघडी फट नसलेली ॲल्युमिनियमची बिजागरी मिळाली तर तीच घ्यावी. न मिळाल्यास साध्या बिजागरीवर सहा इंच रुंदीची रबरी पट्टी वरच्या अंगाला पक्की आणि खालच्या अंगाला मोकळी सोडून टाकावी, आणि झाकणाच्या आत, भिंतींच्या कडेने, पन्हळ बसवावी. पाणी येणारच असे गृहीत धरून त्याला खाली उतरायला वाट करून देणे हा इथला खरा उपाय आहे. झाकण वर धरून ठेवण्यासाठी मोटारीच्या डिकीचे दोन शॉकर पुरतात. ते झाकणाच्या वजनाप्रमाणे निवडावेत, फार कडक घेतले तर झाकणाला पीळ पडतो. दरवाजे आणि झाकण यांना मोटारीच्या दारांचे रबरी बीडिंग लावावे.

पत्रा चढल्यानंतर आणि आतले काम करण्याआधी ट्रेलरवर अर्धा तास पाइपने पाणी मारावे, आत एका माणसाने विजेरी घेऊन बसावे आणि ओल दिसेल तिथे खडूने खूण करावी.

वीज आणि दिवे

रस्त्यावरचे दिवे सात पिनांच्या सॉकेटने मोटारीला जोडतात आणि पिनांचा क्रम ठरलेला आहे: पहिली डाव्या इंडिकेटरची पिवळी, तिसरी अर्थची पांढरी, चौथी उजव्या इंडिकेटरची हिरवी, पाचवी उजव्या मागच्या दिव्याची तपकिरी, सहावी ब्रेकची तांबडी आणि सातवी डाव्या मागच्या दिव्याची काळी, दुसरी निळी पिन धुक्याच्या दिव्यासाठी असते. अर्थची तार सांगाड्यावर भरवसा न ठेवता स्वतंत्र ओढावी, कारण मागचे दिवे मंद होण्याचे दुखणे बहुतेक वेळा तिथेच असते. मागे तांबडे आणि बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्री दिव्यांशिवायच्या ट्रॉलीमागे गाडी चालवलेल्या कोणालाही त्याचे कारण सांगायला नको.

आतल्या वापरासाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर तिच्यात सुमारे १२८० वॉट-अवर वीज साठते. २५ वॉटचा पंखा आठ तास चालवला तर २०० आणि दिवे व मोबाइल मिळून आणखी शंभरएक वॉट-अवर लागतात, म्हणजे तीन-चार रात्री निघतात. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. लाकडी पेटीत, गादीखाली, उघडी तार तापली तर काय होईल हे लिहिण्याची गरज नाही.

गॅसची शेगडी फक्त मागच्या ओट्यावर, झाकण उघडे ठेवून वापरावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवावे आणि ओटा व पलंग यांमधली भिंत फटीविना बंद करावी. थंडीत आत निखारे, शेगडी किंवा धूपदेखील पेटवू नये. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. दोन्ही बाजूंना जाळी लावलेल्या लहान खिडक्या आणि छपरात एक झरोका असावा व रात्रभर काहीतरी उघडे राहावे. नाहीतर दोघांच्या श्वासाची वाफ सकाळी छतावरून थेंबाथेंबाने अंगावर पडते.

गादी चार इंची फोमची, पडदे, कप्पे, रंग हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडतो. कप्प्यांना सहा एमएमचा प्लाय पुरतो, आणि प्रत्येक दाराला खटका हवा, कारण खटका नसलेले दार पहिल्याच गतिरोधकावर उघडते.

रस्त्यावर काढण्यापूर्वी

सामान भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन पाहावे. हुकावरचा भार मात्र त्या मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, कारण तो पाच-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो; त्यासाठी घरातला माणसांचा वजनकाटा विटांवर हुकाच्या उंचीला ठेवून कपलर त्यावर टेकवावा. भार दहा टक्क्यांच्या खाली निघाला तर सामान पुढे सरकवावे, आणि तरीही जमले नाही तर ॲक्सल मागच्या भोकांत न्यावा.

मागे घेण्याचा सराव एखाद्या मोकळ्या मैदानावर, रविवारी सकाळी करावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला तर ज्या बाजूला हात नेऊ त्या बाजूला ट्रेलर वळतो, एवढे ध्यानात धरले की अर्धे कोडे सुटते. मात्र आखूड ट्रेलर फार लवकर मुडपतो, म्हणून थोडे थोडे वळवून पुन्हा पुढे घेऊन सरळ करावे लागते. पहिला प्रवास जोतिबा किंवा पन्हाळ्यापर्यंतचा ठेवावा, रात्रीचा मुक्काम न करता. पन्नासएक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि जोडाचे बोल्ट पुन्हा आवळावेत. नवीन जोडणीत ते हमखास थोडे बसतात. त्याच वेळी दोन्ही हबांना हात लावून पाहावा, एक दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल तर त्याची बेअरिंग आवळ झालेली असते.

करूळ, फोंडा किंवा आंबा घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, कारण ब्रेक नसलेला ट्रेलर मोटारीला मागून ढकलतो आणि सगळा ताण मोटारीच्या ब्रेकवर येतो. ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने झोके भरून काढण्याचाही प्रयत्न करू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, चाक सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ट्रेलर ओढला जात असताना आत कोणीही, लहान मूलसुद्धा, बसू नये. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल तर हद्दीबाहेर, एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात, ट्रेलर पोहोचेल अशा कडक जमिनीवर थांबावे, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि मोटार सोडवण्याआधी चारही कोपऱ्यांचे टेकू जमिनीला टेकवून घ्यावेत, कारण टेकू न लावता मागच्या ओट्याशी कोणी टेकले की उलाळ झालेला ट्रेलर पुढून वर उचलला जातो.